घराण्याचा इतिहास लपवू नका

मुलाला ऑटिझम असल्याचं निदान झालं की घरात दबक्या आवाजात प्रश्न येतो, ‘हे कुणाच्या बाजूचं?’ आणि आपल्याकडे बोट बहुतेक वेळा आईच्या माहेराकडे वळतं. तीच माणसं डॉक्टरांनी कुटुंबाचा इतिहास विचारला की ठामपणे सांगतात, ‘आमच्याकडे असं कुणीच नाही.’ या दोन्ही वाक्यांनी त्या मुलाचं नुकसान होतं.

आईला दोषी धरण्याचं काम पूर्वी तज्ज्ञांनीही केलं. ब्रुनो बेटलहाइम यांच्या 1967 च्या पुस्तकानं आईबापांच्या, विशेषतः आईच्या, थंड वागण्यावर खापर फोडलं. किती आयांनी ते ओझं जन्मभर वाहिलं असेल! ते उतरायला सुरुवात झाली 1977 मध्ये. सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. एकबीज जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडांना ऑटिझम होता. द्विबीज जुळ्यांच्या 10 जोड्यांपैकी एकीतही नाही. मला मात्र त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. ऑटिझमसोबत भाषेच्या आणि आकलनाच्या इतर अडचणीही मोजल्या, तेव्हा एकबीज जोड्यांपैकी नऊ जोड्यांत दोघांनाही काही ना काही होतं. म्हणजे वारशात येते ती मेंदूच्या घडणीतली एक व्यापक ओढ. तिला पुढे कोणतं नाव मिळेल, हे ठरलेलं नसतं.

2019 मध्ये पाच देशांतल्या 20 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 80 टक्के निघाला. हा टक्का कुठल्या एका मुलाचा नसतो. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांमुळे आहे, एवढंच तो सांगतो. आणि हा वाटा कुठल्या एका जनुकाचा नाही. हजारो बारीक फरक आई आणि बाबा दोघांकडून येतात. प्रत्येकाचा परिणाम नगण्य, एकत्र आले की जाणवणारा. शिवाय काही मोठे बदल स्त्रीबीजात किंवा शुक्रपेशीत नव्यानंच घडतात, आईबाबांच्या रक्तात ते सापडतही नाहीत. अशा वेळी ‘कुणाच्या बाजूचं’ या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही.

हेच बारीक फरक इतर मनोविकारांतही सापडतात. 2013 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), बायपोलर, नैराश्य आणि स्किझोफ्रेनिया या पाचांत सामायिक असलेल्या जागा जनुकसंचात मिळाल्या. मोठ्या बदलांतही तेच दिसतं. सोळाव्या गुणसूत्रावरच्या एका छोट्या तुकड्याचं उदाहरण घ्या. तो गळला तर ऑटिझमची शक्यता वाढते. त्याची जादा प्रत आली तर ऑटिझमची वाढतेच, स्किझोफ्रेनियाचीही वाढते. आणि हाच बदल घेऊन काही जण फारशा अडचणींशिवाय संसारही करत असतात. निदानाच्या पुस्तकांना मात्र ही सरमिसळ मानायला वेळ लागला. ऑटिझम असलेल्या मुलाला एडीएचडीचंही निदान देण्याची मुभा अमेरिकन नियमावलीनं 2013 मध्ये दिली. तोवर कितीतरी मुलांच्या अर्ध्याच अडचणींवर उपचार झाले.

म्हणून डॉक्टरांनी विचारलं की सगळं सांगा. वेडसर म्हणून माडीवर ठेवलेले चुलत आजोबा, बाळंतपणानंतर महिनोन्महिने खचलेली मावशी, शाळेत एका जागी न बसणारा काका, फिट येणारी आत्या. धाकट्या बहिणीचं लग्न मोडेल ही भीती मी समजू शकतो, पण डॉक्टरांच्या खोलीत ती आणू नका. ऑटिझम असलेलं मूल पंधराव्या वर्षी गप्प होतं, जेवण टाकतं, झोपत नाही, तेव्हा ‘हा ऑटिझमच’ म्हणून सोडून देऊ नये. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. घरात नैराश्य आहे हे ठाऊक असलेला डॉक्टर ते लवकर ओळखतो.

थुंकीच्या नमुन्यावरून मुलाचं भविष्य सांगणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. बारीक फरकांची बेरीज करून काढलेले गुण मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत, आणि तिथेही एकेका मुलाचं निदान त्यांवरून करता येत नाही. डॉक्टरांनी एखादी ठरावीक जनुकीय तपासणी सुचवली तर ती वेगळी. ती जरूर करा, आधी जनुकीय समुपदेशकाशी बोला.

घरात ऑटिझम असलेलं मूल असेल तर पाठच्या भावंडात तो आढळण्याचं प्रमाण साधारण पाचांत एक आहे. बाळ वर्षाचं होईपर्यंत हाकेला वळतं का, दीड वर्षापर्यंत बोट दाखवून काही मागतं का, हे पाहा. तसं करत नसेल, तर ‘आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात’ असं आजी म्हणाली, तरी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.