धडक सगळ्यांना आठवते, गुडघा कोणालाच नाही

सोयाबीनची सोंगणी आटोपली की आमच्या मेडशी-मालेगाव पट्ट्यात कबड्डीचे सामने लागतात. दिवाळीपासून जवळपास महाशिवरात्रीपर्यंत. पण गप्पा त्याच्या महिनाभर आधीच सुरू होतात. अकोला-वाशिम रोडवरच्या कोणत्याही टपरीवर अर्धा चहा घेऊन बसा, पंधरा मिनिटांत विषय तिथंच येतो.

"लेकानं तिघायले घेऊन लाइन ओलांडली होती."

"तिघायले? चौघं होते राजेहो. चौथा त्याच्या कमरेले लटकला होता."

"अन् तो डाव्या कोपऱ्यातला? उठलाच नाही ना भाऊ दहा मिनिटं!"

मग हशा. मग दुसरी आठवण, त्याहून जोरात. सामना कोणी जिंकला, स्कोअर काय होता, हे विचारलं तर कोणाला सांगता येत नाही. धडक मात्र काल झाल्यासारखी सांगतात.

मला स्वतःला धडक आवडते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये "पत्रकारांना कबड्डीतलं काय कळतं" हे लिहायचे कष्ट वाचतील. बोनस घेऊन गुपचूप परत येणारा चढाईपटू हुशार असतो, मान्य. पण निदान रेषेच्या आत शिरून, समोर साखळी तयार होताना दिसत असूनही जो सरळ त्या साखळीवर जातो, त्याला बघायला माणूस थंडीत रात्री दोन वाजेपर्यंत गोणपाटावर बसतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि हे वेड घराघरात गेलं. २०१८ च्या सहाव्या मोसमात यू मुंबाकडून सिद्धार्थ देसाई उतरला तेव्हा तर आमच्याकडे पोरांना हक्काचा देव मिळाला. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा पोरगा. लिलावात ३६ लाख ४० हजारांना घेतलेला, म्हणजे त्या वर्षी ज्यांनी कोटीचा आकडा ओलांडला त्यांच्या मानानं स्वस्तात. पुणेरी पलटणविरुद्धचा त्याचा पहिलाच सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चर्चा फक्त त्याच्या खांद्यांची होती. दोन-तीन बचावपटू अंगाला लोंबकळतायत आणि हा मध्यरेषेकडे चालत येतोय, बैलगाडी ओढावी तसा. 'बाहुबली' हे नाव चिकटलं ते उगाच नाही. त्या मोसमात त्यानं चढाईचे दोनशेहून जास्त गुण काढले आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले, त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पुढचं कोणी सांगत नाही. आठव्या मोसमात हाच बाहुबली दुखापतीमुळे मोजकेच सामने खेळू शकला. त्याचा भाऊ सूरज, तोही चढाईपटू, त्याचं तर प्रो कबड्डीतलं पदार्पणच दुखापतीनं लांबलं होतं. एकाच घरातली दोन दणकट पोरं आणि दोघांनाही शरीरानं मधेच थांबवलं. फरक एवढाच की त्यांच्यामागे संघ होता, फिजिओ होता, करार होता. सिद्धार्थ नंतर पुन्हा मॅटवर आला.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत त्यांचा तो हातानं खेळायचा फुटबॉल असतो, हेल्मेट घालून. त्यात चेंडू बगलेत दाबून समोरच्या भिंतीत घुसणारा एक गडी असतो, आपल्या चढाईपटूचा लांबचा भाऊच म्हणा. अर्ल कॅम्पबेल नावाचा असा एक गडी १९७८ पासून ह्यूस्टनच्या संघाकडून खेळला. लॉस एंजेलिसच्या आयझाया रॉबर्टसनच्या छातीत त्यानं डोकं घातलं आणि तो गडी मागं फेकला गेला, पुढं पकडापकडीत कॅम्पबेलचा स्वतःचा सदरा फाटला, तरी हा पळतच राहिला. ती चित्रफीत लोक आजही काढून बघतात. कॅम्पबेल मात्र आठ मोसमांत संपला, पुढे मणक्यानं आणि गुडघ्यांनी दगा दिला, चालायला आधार लागला, व्हीलचेअर लागली. तिथले साडेचार हजारांवर माजी खेळाडू डोक्याला बसलेल्या माराच्या प्रश्नावर कोर्टात गेले तेव्हा कुठे २०१३ मध्ये लीगनं ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड मान्य केली.

आपल्याकडे कोर्टात जायचं तर कोणावर जायचं? 'जय बजरंग क्रीडा मंडळा'वर? ज्याची नोंदणी नाही, अध्यक्ष दर वर्षी बदलतो आणि खजिनदाराकडे वर्गणीची वही असते फक्त?

आता आमच्या भागातल्या एका चढाईपटूबद्दल सांगतो. नाव लिहीत नाही, गावही नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनीही कमेंटमध्ये टॅग करू नये ही विनंती. ऐंशी किलोच्या वरचं अंग, दिवसा मार्केटमध्ये पोती उचलायचा, संध्याकाळी पोलीस भरतीसाठी पळायचा. आमच्याकडे प्रत्येक गावात अशी दहा-वीस पोरं आहेत. पहाटे रोडनं जाताना दिसतात ना, तीच. शेती दोन-तीन एकर, सोयाबीनचा भाव काय ते सगळ्यांना ठाऊक. भरती हाच एक रस्ता. आणि सामने कशासाठी? तर पाच-सात हजार वाट्याला येतात, त्यात बूट येतात, भरतीच्या क्लासची फी निघते. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी अधिकृत स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. गावच्या खुल्या सामन्यात मिळतो तो करंडक आणि पाकीट.

तर एका उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला याची चढाई. दोन गुण हवे होते. हा सरळ कव्हरच्या जोडीवर गेला. धडक अशी बसली की आवाज ऐकू आला म्हणतात. त्याच क्षणी कोपऱ्यातल्यानं घोटा धरला. पाय मातीत रोवलेला, वरचं अंग वळलेलं, बाजूनं तिसऱ्याची धडक. गुडघा आतल्या बाजूला गेला. तरी यानं पोटावर घासत जाऊन बोटं मध्यरेषेला लावली. तीन गुण. लोक मैदानात घुसले, याला खांद्यावर घेतलं. तो ओरडत होता, ते कोणाला ऐकूच आलं नाही, कारण डीजे चालू होता.

आज टपरीवर जी धडक सगळ्यात रंगवून सांगितली जाते ती हीच. "पाय गेला पण लाइन नाही सोडली पठ्ठ्यानं!"

त्यानंतरचं मी सांगतो. मैदानावर बर्फ नव्हता. स्ट्रेचर नव्हतं, मोटारसायकलवर तिघं बसून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्यासारखा सुजला. एका मालिशवाल्यानं आठ दिवस चोळला, सूज उतरली. हीच फसवी गोष्ट असते. गुडघ्याच्या आतला लिगामेंट, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांना बांधून ठेवणारी दोरी, ती तुटली तरी सूज उतरल्यावर माणूस चालायला लागतो. सरळ चालता येतं. वळता येत नाही. यानं महिन्याभरात पुन्हा सामना खेळला आणि वळताना गुडघा निसटला. मग पातूरचा घाट उतरून अकोल्याला जाऊन एमआरआय. तोपर्यंत आत गादीही फाटली होती. ऑपरेशनचा आणि पुढच्या सहा-आठ महिन्यांच्या व्यायामाचा हिशेब ऐकून बाप गावी परत आला. पोलीस भरतीत १६०० मीटर पळावं लागतं. ते संपलं. आता तो मालवाहू ऑटो चालवतो, क्लच दाबताना चेहरा बघा एकदा.

मंडळातलं कोणी भेटायला गेलं नाही असं नाही. गेले होते, नारळ अन् शाल घेऊन.

मी त्याला विचारलं, राग नाही येत का? तो हसला. म्हणे, "भाऊ, लोक आठवतेत तरी. जे बोनस घेऊन पयत होते त्यायले कोण इचारते?" या उत्तरावर मला काही बोलता आलं नाही. त्याचा आनंद खोटा नाही. आणि म्हणूनच ही पोस्ट त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे, जे गोणपाटावर बसतो त्यांच्यासाठी, आणि जे माइकवर बसतात त्यांच्यासाठी.

सामन्याआधी पंच प्रत्येकाची नखं तपासतो, अंगाला तेल लावलंय का बघतो. नियमच आहे तो, आणि चांगला आहे. पायाची कात्री मारून चढाईपटूला पाडणं नियमबाह्य, तोंड-गळा दाबणं नियमबाह्य, मुद्दाम दुखापत केली तर कार्ड. म्हणजे खेळ बनवणाऱ्यांनी शरीराचा विचार केला होता. अहो, १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला तो आपल्याच विभागातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी! शरीर कमवणं आणि सांभाळणं याचीच ती शाळा. नखं तपासणारा पंच आजही आहे, पण मैदानाच्या कडेला गाडी उभी आहे का हे तपासणारा कोणी नाही.

पैसे नाहीत असं म्हणू नका. बॅनर वाचता येतं मला. प्रथम बक्षीस ५१ हजार, सौजन्य अमुक साहेब. द्वितीय ३१ हजार, सौजन्य तमुक भाऊ. उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, शिस्तबद्ध संघ, सगळ्यांना सौजन्य आहे. लाइट, डीजे, फटाके, पाहुण्यांचे फेटे. फेट्यांच्या पैशात बर्फाची पेटी, गुडघ्याच्या पट्ट्या, मान धरून ठेवायची कॉलर आणि एक साधं स्ट्रेचर येतं, उरलेल्या पैशात चहासुद्धा होतो.

"विमा कोण काढणार?" हा प्रश्न हमखास येतो. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ५० हजार गोविंदांचा विमा काढला. माणशी हप्ता ७५ रुपये, मृत्यू झाला तर वारसाला १० लाख. दहीहंडी एका दिवसाची, मुंबई-ठाण्यातली, कॅमेऱ्यांसमोरची, म्हणून ते झालं. आमच्या वाशिम जिल्ह्यात कबड्डी तीन-चार महिने चालते, पण मंत्रालयातून दिसत नाही. आमदार-खासदार चषक भरवणाऱ्यांनी हा विषय एकदा तरी वर न्यावा. तोपर्यंत प्रवेश फीमध्ये माणशी शंभर रुपये वाढवा आणि गटविमा होतो का ते विमा एजंटला विचारा. प्रत्येक गावात चार एजंट आहेत, दोघं तर समितीतच असतात.

काही जण म्हणतील, आम्ही मातीत खेळलो, खड्यांवर खेळलो, काही झालं नाही. झालं होतं काका. ज्यांना झालं ते आज टपरीपर्यंत चालत येत नाहीत, म्हणून तुमच्या गप्पांमध्ये नाहीत.

आणि गुडघा तरी परवडला. २०२२ च्या जुलैमध्ये तामिळनाडूत पनरुटीजवळ विशीतला एक खेळाडू चढाई करताना पडला तो उठलाच नाही. ती चित्रफीत आपल्या ग्रुपवर पण फिरली होती, खाली हात जोडलेले इमोजी टाकून आपण पुढच्या मेसेजवर गेलो. डोक्याला मार लागून पोरगं गरगरत असेल तर तोंडावर पाणी मारून पुन्हा आत ढकलायचं नाही, मान दुखतेय म्हणाला तर बखोटीला धरून उठवायचं नाही, एवढं तरी दोन कार्यकर्त्यांना शिकवून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्राला आठ दिवस आधी पत्र द्या. १०८ ची गाडी रोडवरच्या अपघातांसाठी लागते, ती रात्रभर सामन्याला उभी मिळेलच असं नाही, म्हणून गावातलीच एक बोलेरो ड्रायव्हरसकट, डिझेलसकट ठरवून ठेवा. ड्रायव्हर पिणारा नको. हे वेगळं लिहावं लागतंय, पण लागतंय.

आणि समालोचक मंडळींनो, कोणी खाली पडलं की डीजे बंद करा. एवढं तर फुकट आहे.

या आठवड्यात दोन मंडळांच्या पोरांशी बोललो. एका मंडळानं स्ट्रेचर आणि गाडीचं कबूल केलं, बर्फासाठी एक कॅटरिंगवाला तयार झाला. दुसऱ्या मंडळाचा अध्यक्ष बराच वेळ विचार करून म्हणाला, "भाऊ, करतो. पण देणाऱ्याचं नाव बॅनरवर कुठं टाकाचं? असं सौजन्य आधी कोणी दिलंच नाही."

म्हटलं, पहिल्या बक्षिसाच्या वर टाक.