आमचं पिवळं कार्ड



मागच्या अंकात आम्ही लोणच्याच्या बरण्या आणि कस्टमवाल्यांविषयी लिहिलं, त्यावर बऱ्याच जणांनी फोन करून स्वतःच्या बरण्यांच्या कथा ऐकवल्या. आज विषय जरा कोरडा आहे, पण सोडू नका. आम्ही सभेला गेलो होतो. आपल्या मंडळाच्या नव्हे, एका देशव्यापी नागरिक संस्थेच्या सभासदांच्या सभेला.

संस्थेचं नाव सांगत नाही, नाहीतर आमचे संपादक जाहिरातीचे पैसे मागतील. नागरिकांना कायद्यांवर थेट मत देता यावं, यासाठी काम करणाऱ्या काही संस्था जर्मनीत आहेत. 1988 साली स्थापन झालेली ‘मेअर डेमोक्राटी’ ही त्यांतली गाजलेली. 1 ऑक्टोबर 1995 रोजी बायर्नमध्ये त्यांच्या मसुद्यावर लोकांचं मतदान झालं, 57.8 टक्के लोकांनी बाजूने कौल दिला आणि तेव्हापासून इथल्या गावागावांत ‘ब्युर्गरएंटशाइड’ घेता येऊ लागला. आम्ही गेलो ती अशीच एक, आकाराने लहान संस्था.

सभासद कसे झालो, तर मधमाश्यांमुळे. फेब्रुवारी 2019 मध्ये बायर्नमध्ये मधमाश्या वाचवण्याच्या कायद्यासाठी लोकांनी दोन आठवड्यांत राटहाउसमध्ये जाऊन सह्या केल्या, आठवतं ना? दहा टक्के मतदारांच्या सह्या लागत होत्या, अठरा टक्क्यांहून जास्त झाल्या. सतरा लाखांच्या वर माणसं! आमच्या सौ.नी तेव्हा थंडीत उभं राहून पत्रकं वाटली, आमच्या इमारतीतल्या दोन आजीबाईंना हाताला धरून राटहाउसपर्यंत नेलं. आत त्या दोघींनी सही केली आणि सौ. दाराशी त्यांच्या काठ्या धरून उभ्या राहिल्या. कारण सही जर्मन नागरिकांनाच करता येते. त्या दिवशी घरी आल्यावर त्या फार बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात दोन सभासदत्वाचे अर्ज टपालाने आले. एक आमच्या नावाचा होता, आम्हाला न विचारता.

तर एका शनिवारी पहाटेची गाडी पकडून आम्ही म्युनिकहून कासेलला गेलो. कासेल अशा सभांना सोयीचं. देशाच्या मधोमध आहे, आणि 1991 पासून विल्हेल्म्सह्योहे स्टेशनावर इत्सेए थांबते. बरोबर दशम्या आणि बटाट्याची कोरडी भाजी होती. हॉलमध्ये शिरताना एका टेबलावर नाव तपासलं आणि प्रत्येकाच्या हातात एक पिवळं कार्ड दिलं. मत देताना वर करायचं. पासपोर्ट कोणी विचारला नाही. वर्गणी भरली आहे ना, मग झालं! सत्तावीस वर्षांत या देशात आमच्या हातात आलेलं हे पहिलं मत.

हसू नका, हिशेब करून बघा. आमच्या जिन्यातला पोर्तुगीज मुलगा परवा परवा आला, तो नगरपालिकेला मत देतो, युरोपीय संघाचा नागरिक म्हणून. आम्ही देऊ शकत नाही. श्लेस्विग-होल्श्टाइन आणि हांबुर्ग या राज्यांनी 1989 साली परदेशी लोकांना स्थानिक मताचा हक्क द्यायचं ठरवलं होतं. 31 ऑक्टोबर 1990 रोजी घटना न्यायालयाने ते रद्द केलं. भारतात आता नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला त्या दिवशी स्वतः मतदान केंद्रावर हजर राहावं लागतं. म्हणजे तिकडे कागदावर मतदार, इकडे कागदावर रहिवासी.

सभा दहाला म्हणजे दहाला सुरू झाली. इतिवृत्त, अहवाल, जमाखर्च, हिशेब तपासनिसांचं निवेदन. मग आली ‘एंटलास्टुंग’. शब्दशः ओझं उतरवणं. वर्षभराचा कारभार पाहून सभासद कार्यकारिणीला जबाबदारीतून मोकळं करतात, आणि त्या वेळी कार्यकारिणीच्या सदस्यांनी स्वतःसाठी हात वर करायचा नसतो. आम्हाला हे फार आवडलं. ते सगळे हात मांडीवर ठेवून, शाळेत निकाल ऐकायला बसावं तसे बसले होते. आपल्याकडे ‘जमाखर्चास मंजुरी’ म्हटलं की पाठीमागून कोणीतरी ‘मंजूर!’ ओरडतो आणि चहा येतो.

मध्येच पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दोन्ही हात वर केले. सौ. म्हणाल्या, “अहो, त्यांना काय झालं?” शेजारच्या बाईंनी हळूच सांगितलं की एक हात म्हणजे विषयावर बोलायचं आहे, दोन हात म्हणजे सभेच्या कामकाजाविषयी बोलायचं आहे. दोन हातवाल्याचा नंबर आधी. त्यांनी प्रत्येकाला दोनच मिनिटं द्यावीत असं सुचवलं, आणि त्या सूचनेवर वीस मिनिटं चर्चा झाली. हे मात्र थेट आपल्यासारखं! तरी बरं, 1907 साली सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात व्यासपीठावर जोडा भिरकावला गेला होता आणि तो मराठी बनावटीचा होता असं सांगतात. कासेलला सगळ्यांचे बूट पायातच राहिले.

शेवटी ‘फेरशीडेनेस’, म्हणजे आपले आयत्या वेळचे विषय. आणि सौ.नी हात वर केला. एकच.

आमच्या पोटात गोळा आला. सौ.चं जर्मन चांगलं आहे, पण राग आला की त्यातले देर, दी, दास सगळे एकमेकांच्या घरी राहायला जातात. उभ्या राहून त्यांनी राटहाउसच्या दाराची गोष्ट सांगितली, काठ्यांसकट. म्हणाल्या, जी संस्था लोकांना मत मिळावं म्हणून झटते, तिने इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही निदान गावापुरतं मत मिळावं असं आपल्या धोरणात लिहावं.

क्षणभर शांतता. मग एक वयस्क सभासद उठले. अगदी सौजन्याने म्हणाले, “बाई, तुम्ही नागरिकत्व का घेत नाही? आता तर पाच वर्षं पुरतात, आणि 27 जून 2024 पासून जुना पासपोर्ट सोडा असंही जर्मनी म्हणत नाही.”

खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या लेकीने घेतलंच आहे, आणि ती आम्हाला हेच विचारते. जर्मनी सोडा म्हणत नाही, पण भारत म्हणतो; भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड मिळतं, येणं-जाणं सुटतं, सगळं ठाऊक आहे. आम्ही स्वतः दोनदा अर्ज भरून कपाटात ठेवला आहे. सौ. म्हणाल्या, “माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर माझ्या आईवडिलांची नावं आहेत. दोघंही आता नाहीत. तुमच्या पासपोर्टवर आहेत का?”

त्या गृहस्थांनी मान हलवली. नाहीत म्हणाले, आणि बसले.

हे उत्तर कायद्यात बसत नाही, आम्हाला कळतं. पासपोर्ट न घेणं ही आमची निवड आहे आणि निवडीची किंमत असते, असं म्हणणारे त्या हॉलमध्ये होते, आपल्या मंडळातही आहेत. आम्हीही सोमवार ते बुधवार त्याच मताचे असतो.

ठरावाचं काय झालं? काहीच नाही. अध्यक्षीण बाईंनी नियम सांगितला की सभेच्या नोटिशीत नसलेल्या विषयावर ठराव करता येत नाही. इथल्या दिवाणी कायद्यातच तशी तरतूद आहे. घरी बसलेल्या सभासदांच्या पाठीमागे काही ठरू नये म्हणून. “पुढच्या सभेसाठी मुदतीच्या आत लेखी पाठवा,” म्हणाल्या. सौ. नाराज झाल्या, पण नियम त्यांनाही पटला. कॉफीच्या वेळी तेच वयस्क गृहस्थ कागद-पेन्सिल घेऊन आले, मसुदा कसा लिहायचा ते दाखवायला. विरोधात मत देणार हे आधीच सांगून टाकलं, वर आमची एक दशमीही खाल्ली.

परतीच्या गाडीत आम्हाला पुण्याची सार्वजनिक सभा आठवली. 2 एप्रिल 1870 ला ती स्थापन झाली तेव्हा तिथल्या कोणालाच सरकार निवडायचं मत नव्हतं. म्हणून सार्वजनिक काकांनी आणि मंडळींनी नियम केला: सभासद व्हायचं तर निदान पन्नास लोकांचं मुखत्यारपत्र आणा. पंचाण्णव सभासद जमले, सुमारे सहा हजारांच्या वतीने. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, असं कोणी विचारलं की कागद पुढे करता यायचा. हे आम्ही सहज म्हणून सांगितलं. सौ. वुर्त्सबुर्गपर्यंत गप्प होत्या, मग म्हणाल्या, “पन्नास ना?”

तेव्हा मंडळी, आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेला येताना स्वतःचं पेन आणा. सौ. दाराशीच कागद घेऊन बसणार आहेत. सही करा, करू नका, वाद घाला, पण वाचून पाहा. आणि यंदा बटाटेवडे सभा संपल्यावर मिळतील; गेल्या वर्षी आधी वाटले तर जमाखर्चाला अकरा माणसं उरली होती.