वार पडली का?

बाळ रडले की सुईण पुढचा प्रश्न विचारते, ‘वार पडली का?’ वार पडेपर्यंत बाळंतीण सुटली असे म्हणायचे नाही, हे आपल्या आयाबायांना पक्के ठाऊक होते. आज बाळंतपणे दवाखान्यात होतात, पण हा प्रश्न संपलेला नाही.

वार सहसा अर्ध्या तासात पडते. नुसती अडकली असेल तर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, लघवीची पिशवी रिकामी करणे, नाळ हलक्या हाताने ओढणे आणि शेवटी भूल देऊन हाताने काढणे, असे उपाय असतात. पण काही जणींची वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजलेलीच असते. ती ओढली तर जीवावर बेतते, कारण दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त वाहत असते.

अशी वार बहुधा जुन्या सिझेरियनच्या व्रणावर रुजते. वार गर्भाशयाच्या तोंडावर असून आधी एक सिझेरियन झाले असेल, तर शंभरातल्या ११ जणींना हा धोका असतो. दोन झाली असतील तर ४० जणींना, असे २००६ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या चारांपैकी एक बाळंतपण सिझेरियनने झाले. त्यांतली गरजेची किती आणि सोयीची किती, हे आपण विचारत आलोच आहोत. त्या प्रश्नाची दुसरी बाजू ही आहे.

निदान आधी झाले तर मार्ग आहेत. ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ठरवून सिझेरियन करायचे, वारेला हात न लावता तिच्यासह गर्भाशय काढायचे, हा सर्वांत रुळलेला मार्ग. चिकटलेला भाग लहान असेल तर तेवढाच कापून गर्भाशय शिवता येते. तिसरा मार्ग म्हणजे नाळ बांधून वार आतच ठेवायची आणि ती विरण्याची वाट पाहायची. यात गर्भाशय वाचू शकते. पण कित्येक आठवडे जंतुसंसर्गाची आणि अचानक रक्तस्रावाची भीती राहते, आणि काही जणींचे गर्भाशय नंतर काढावेच लागते.

आता हे भंडारा जिल्ह्यात ठेवून पाहा. भंडाऱ्याहून नागपूरची मोठी रुग्णालये सुमारे ६० किलोमीटरवर. साकोली, लाखांदूरकडच्या बाईला त्याहून लांब. जिला रात्री रक्तस्राव सुरू झाला तर तासाभरात शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचता येत नाही, तिच्यासाठी तिसरा मार्ग कागदावरच राहतो. तिची निवड डॉक्टरच्या आधी रस्त्याने केलेली असते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा आपण सगळ्याजणी संतापलो. सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींच्या शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. त्यामुळे गर्भाशय काढायचे म्हटले की आपण बिचकतो. पण रुजलेल्या वारेच्या वेळी तीच शस्त्रक्रिया जीव वाचवते. म्हणून आपला आग्रह ‘काढू नका’ एवढाच असून भागणार नाही. कशासाठी काढता, आणि कोणाला विचारून?

कागद नवऱ्यापुढे नाहीतर सासूपुढे धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ सालीच सांगितले आहे की शुद्धीवर येऊन निर्णय देऊ शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीने दुसऱ्या कोणाची संमती चालत नाही. अपवाद फक्त जीव वाचवण्याच्या तातडीचा. आणि निदान वेळेत झाले नाही की सगळेच तातडीचे होऊन बसते. तिला विचारण्याची वेळ टेबलावर नाही, सहाव्या-सातव्या महिन्यात असते.

तेव्हा मैत्रिणींनो, गावात गरोदर बाई भेटली की विचारा: आधी सिझेरियन झाले आहे का? त्याचे कागद जवळ आहेत का? सोनोग्राफीत वार कुठे आहे, जुन्या व्रणावर आहे का, हे डॉक्टरांनी तिला सांगितले का? शंका असेल तर बाळंतपण कुठे, रक्त कुठून, गाडी कोणती, हे आधीच ठरू द्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, रक्त आणि वाहतूक विनामूल्य मिळणे हा २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखालचा तिचा हक्क आहे. तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा.

सुईणीचा प्रश्न बाळ झाल्यावर यायचा. आपला त्याआधी यायला हवा.