सामाईक विहीर आणि सामाईक प्रिंटर

बाजाराचा दिवस होता. दोन दिवस पावसाने उघडीप दिलेली, त्यामुळे शिवारात वाफशाची लगीनघाई चाललेली. अशा दिवशी एक बाई पंधरा मैलांवरच्या पाड्यावरून एस.टी.ने आमच्या कार्यालयात आल्या. ठिबक संचाच्या पूर्वसंमतीचे पत्र त्यांना कागदावर हवे होते. दुकानदाराने मागितले होते. पत्र मंजूर झालेले, संगणकावर दिसतही होते. आमच्या लिपिक भाऊंनी बटण दाबले. कागद काही आला नाही.

कारण काय? प्रिंटर माझ्या टेबलावर, माझ्या संगणकाला वायरने बांधलेला. मी उगवणीच्या पाहणीला शिवारात. संगणक बंद आणि पासवर्ड माझ्या डोक्यात. बाईंना सांगितले, उद्या या. दुसऱ्या दिवशी मला जिल्ह्याच्या बैठकीला जावे लागले. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी जागेवर सापडलो आणि अर्ध्या मिनिटात कागद निघाला. तो हातात घेत बाई म्हणाल्या, "भाऊ, तीन दिवसांपासून हे पत्र तुमच्या टीव्हीत दिसतंय. मग कागदावर उतरायला तीन दिवस का लागले?"

मला उत्तर देता आले नाही. यंत्र चांगले होते, वीज होती, कागद होता, शाईही होती. दोष माझा होता. सरकारी पैशाची वस्तू मी माझ्या टेबलाला बांधून ठेवली होती. त्या बाईंची दोन दिवसांची मजुरी, सहा वेळचे एस.टी.चे भाडे आणि ऐन वाफशावरचे काम माझ्या त्या वायरीपायी बुडाले. म्हणून आज खते-औषधे बाजूला ठेवून प्रिंटरवर लिहितो आहे. शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण शेतकऱ्याचे निम्मे हेलपाटे आजकाल कागदापायी होतात, हे ज्याने तालुक्याला खेटे घातले त्याला वेगळे सांगायला नको.

फडाचा धडा

आपल्या पांझरा-मोसमच्या खोऱ्यात फड पद्धत काही शतकांपासून चालत आली. एक बंधारा, एक पाट आणि त्यावर शेकडो खातेदार. पाणी सामाईक, पण कारभार मोकाट नव्हता. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. कोणाची पाळी कधी, हे ठरलेले. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत त्याने पाणी अडवून धरायचे नाही, हा नियम. ज्या गावांत हा नियम पाळला तिथे शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोहोचले.

कार्यालयातला प्रिंटर हा असाच सामाईक पाट आहे. चार-सहा संगणक एका जाळ्यात जोडले की त्यांना एकच चांगला प्रिंटर पुरतो. पण आपण काय करतो? यंत्र घेतो आणि पाटकरी नेमत नाही. मग ज्याच्या टेबलावर यंत्र, तो पाटाच्या तोंडाशी बसलेला खातेदार होतो.

कोणी म्हणतात, प्रत्येक टेबलाला एकेक प्रिंटर द्या, भांडणच मिटेल. मला हे पटत नाही. पाच स्वस्त प्रिंटर म्हणजे पाच जातीच्या शाया, पाच दुरुस्त्या. सहा महिन्यांनी पाहावे तर तिघांची शाई सुकलेली, एकाचे रूळ झिजलेले आणि उरलेल्या एकापुढे सगळ्यांची रांग. बांधाबांधावर कोरड्या विहिरी खोदण्यापेक्षा एक पाणी असलेली विहीर नीट वाटून घ्यावी.

वायर कुठे जोडायची

सामाईक प्रिंटर दोन तऱ्हांनी करता येतो. पहिली तऱ्हा म्हणजे प्रिंटर एका संगणकाला यूएसबी वायरने जोडायचा आणि त्या संगणकावरून इतरांना 'शेअर' करायचा. हे सोपे आहे, पण मालक-संगणक बंद असला किंवा झोपी गेला की सगळेच अडतात. आमच्याकडे तर शेअरसुद्धा केलेला नव्हता, आणि केला असता तरी संगणक बंद म्हटल्यावर उपयोग शून्य. हीच तऱ्हा ठेवायची असेल तर तो संगणक कार्यालय उघडताना सुरू झाला पाहिजे, आपोआप झोपण्याची सोय बंद केली पाहिजे आणि त्याचा पासवर्ड एकट्या माणसाच्या खिशात असता कामा नये. प्रत्येकाचे खाते वेगळे करता येते, ते करावे.

दुसरी तऱ्हा चांगली. प्रिंटरला जाळ्याच्या वायरीचे तोंड असेल तर तो सरळ राउटरला किंवा स्विचला जोडावा. मग तो कोणा एकाच्या संगणकाचा मिंधा राहत नाही. कोणीही गैरहजर असो, कागद निघतो. नवीन खरेदी करताना हे तोंड आहे की नाही, एवढे पाहिले तरी पुढचा निम्मा ताप वाचतो.

पत्ता बदलला की पाहुणा चुकतो

आम्ही प्रिंटर राउटरला जोडला. आठ दिवस छान चालले. नंतर एका दुपारी वीज गेली, आली, आणि सगळ्या संगणकांवर एकच शब्द: 'ऑफलाइन'. यंत्र तर समोर दिवे लावून बसलेले. मेकॅनिकला बोलवा, नवीन घ्या, अशी चर्चा सुरू झाली.

झाले होते एवढेच. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आकडी पत्ता देतो. वीज गेल्यावर राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने प्रिंटरला वेगळाच पत्ता दिला. संगणक बिचारे जुन्या पत्त्यावर हाका मारत राहिले. घर बदललेल्या पाहुण्याच्या जुन्या दारावर थाप मारण्यासारखे.

यावर उपाय म्हणजे प्रिंटरला कायमचा पत्ता द्यायचा. राउटरमध्ये जाऊन त्या प्रिंटरच्या नावाने एक पत्ता राखून ठेवता येतो, हे सर्वांत बरे. नाही तर प्रिंटरमध्येच पत्ता भरावा, पण तो राउटर इतरांना वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा असावा. नाही तर एकाच गटाचे दोन खातेदार निघावेत तशी दोन यंत्रे एका पत्त्यावर भांडतात. मग प्रत्येक संगणकावर प्रिंटर जोडताना 'टीसीपी/आयपी' पोर्ट निवडून तोच पत्ता लिहायचा. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून माहितीचे पान छापता येते, त्यावर पत्ता असतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावे की राउटरची आणि त्याची गाठच पडलेली नाही. आधी वायर तपासावी. आम्ही आमचा पत्ता जाड अक्षरांत लिहून प्रिंटरच्या अंगावर चिकटवला आहे. बैलाच्या शिंगाला रंग लावतो तसा, ओळख पटायला.

रांग मोडू नये

आता पाळीची गोष्ट. छापण्याचा हुकूम दिला की काम आधी संगणकातल्या रांगेत जाते. या रांगेचा कारभार पाहणारा 'स्पूलर' नावाचा एक छुपा कारभारी असतो. पुढचे काम अडले की मागची सगळी अडतात. पण आपला स्वभाव असा की कागद आला नाही की पुन्हा बटण दाबायचे. मग आणखी दोनदा. शेवटी अडथळा निघाला की एकाच अर्जाच्या चार-चार प्रती धबाधब पडतात आणि पुढच्या माणसाला कागद उरत नाही.

तेव्हा एकदाच दाबावे आणि नाही आले तर रांग उघडून पाहावी. अडलेले काम तिथूनच रद्द होते. रद्दच होईना, तर प्रशासकाच्या खात्यातून 'सर्व्हिसेस' मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवावा, विंडोजच्या फोल्डरमधल्या 'सिस्टिम३२', त्यातल्या 'स्पूल' आणि त्यातल्या 'प्रिंटर्स' या फोल्डरमधल्या फाइली काढाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. फोल्डर काढू नये, आतल्या फाइली काढाव्यात. त्या संगणकावरून पाठवलेली कामे त्यात पुसली जातात, ती पुन्हा द्यावी लागतात, हे आधी सांगून ठेवावे.

पुष्कळदा दोष याहूनही किरकोळ असतो. नवीन संगणकावर कागदाचे माप 'लेटर' धरलेले असते, आपल्या ट्रेमध्ये असतो 'ए४'. प्रिंटर कधीही न येणाऱ्या कागदाची वाट पाहत बसतो. माप बदलले की चालू. मराठी अक्षरे फुटली, काना-मात्रा भलतीकडे गेल्या, तर पीडीएफ छापताना 'चित्र म्हणून छापा' हा पर्याय अनेकदा कामी येतो. आणि लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नये. तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो, यूपीएस माना टाकतो आणि सोबत संगणकही बंद पडतो.

कुंपण आणि राखण

२०२१ साली विंडोजच्या याच स्पूलरमध्ये मोठे भगदाड असल्याचे उघड झाले. परक्या माणसाला त्यातून संगणकाचा ताबा घेता येत होता. त्या वर्षी जुलैत मायक्रोसॉफ्टने तातडीने दुरुस्ती दिली. पुढच्या दुरुस्त्यांनंतर प्रिंटरचा ड्रायव्हर चढवायला प्रशासकाचा पासवर्ड लागू लागला आणि कितीतरी ठिकाणी शेअर केलेले प्रिंटर अडले. तेव्हा काही हुशार मंडळींनी दुरुस्त्याच उपटून टाकल्या. जनावर आत येते म्हणून लावलेले कुंपण वाट अडते म्हणून तोडण्यासारखे हे झाले. सगळे संगणक सारखेच अद्ययावत ठेवणे हाच खरा इलाज. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही कार्यालयांनी ध्यानात घ्यावे. प्रिंटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा आणि बाहेरच्या इंटरनेटवरून त्याच्यापर्यंत वाट ठेवू नये.

राखण आणखी एका गोष्टीची. सामाईक प्रिंटरच्या ट्रेमध्ये कोणाचे आधार, कोणाचे बँक पासबुक, कोणाच्या वाटणीचे कागद पडून असतात. येणारा-जाणारा चाळतो. हे कागद लोकांनी आपल्यावर विश्वासाने सोपवलेले आहेत. कित्येक प्रिंटरवर अशी सोय असते की यंत्रापाशी येऊन पिन दाबल्यावरच कागद बाहेर पडतो. ती सोय असेल तर वापरावी. नसेल तर प्रिंटर लोकांच्या बाकाजवळ न ठेवता कर्मचाऱ्यांच्या नजरेत ठेवावा आणि उरलेले कागद संध्याकाळी फाडून टाकावेत.

मागणी काय

काही जण म्हणतात, आता सगळे मोबाईलवर, प्रिंटरचे दिवस गेले. हे निम्मे खरे आहे. डिजिटल स्वाक्षरीच्या सात-बाऱ्यावर पुन्हा हाताने सही-शिक्का लागत नाही. तरी आपण शेतकऱ्याला त्याच्या झेरॉक्सवर झेरॉक्स आणायला लावतो. जे आपल्याला पडद्यावर तपासता येते ते कागदावर मागू नये, ही पहिली सुधारणा. पण दुकानदार, बँक, कोर्ट यांना कागद लागतो, आणि पाड्यावरच्या माणसाला हातात धरता येईल असा पुरावा लागतो, तोवर प्रिंटर राहणारच.

म्हणून कार्यालयातल्या माझ्या भाऊबंदांना माझे सांगणे असे. प्रिंटर टेबलावरून उठवा आणि जाळ्याला जोडा. त्याला कायमचा पत्ता द्या. प्रत्येक कार्यालयात दोघांना पाटकरी नेमा, एक मुख्य आणि एक बदली, कारण एकटाच असला की तोही माझ्यासारखा बैठकीला जातो. एक साधी वही ठेवा: शाई कधी बदलली, बिघाड कोणता, इलाज काय केला. पुढच्या वेळी तोच बिघाड दहा मिनिटांत निघतो. यातल्या निम्म्या गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. लागते ते टेबलावरचा हक्क सोडण्याचे मन.

आणि शेतकरी बांधवांनो, तुम्हाला "प्रिंटर बंद आहे" असे सांगितले की मुकाट्याने एस.टी. धरू नका. नम्रपणे विचारा, "भाऊसाहेब, प्रिंटर बंद आहे की ज्याच्या टेबलावर आहे ते साहेब बाहेर गेलेत?" ग्रामसभेत पाणी, दिवाबत्ती विचारता, तसा ग्रामपंचायतीच्या प्रिंटरचा कारभारी कोण, हेही विचारा. विचारल्याशिवाय आमच्यासारख्यांना जाग येत नाही. मला तरी ती पाड्यावरच्या बाईंनी विचारल्यावरच आली.

त्या बाई परवा पुन्हा आल्या होत्या. मी शिवारात होतो. संध्याकाळी लिपिक भाऊंना विचारले, बाईंचे काम झाले का? ते म्हणाले, "दहा मिनिटांत. पुढच्याच गाडीने गेल्या." माझी आठवणसुद्धा कोणी काढली नव्हती. सामाईक वस्तूचा कारभार असाच असावा.