निर्दोष छायाचित्राचा भरवसा

किनवट-देगलूरहून नांदेडला, उदगीर-निलंग्याहून लातूरला तापाने फणफणलेले, पाय टेकू न शकणारे मूल आणले जाते. क्ष-किरण छायाचित्र निर्दोष निघते. पालक निश्चिंत होऊन परततात. घात होतो तो येथेच! हाडातील क्षार ३० ते ५० टक्के घटल्याखेरीज जंतुसंसर्गाची खूण छायाचित्रात सहसा उमटत नाही. त्यास १० ते १४ दिवस लागतात. तोवर पू हाड पोखरीत असतो. म्हणून संशय असल्यास रक्ततपासणी, एमआरआय व उपचार यांस विलंब नको. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पालकांच्या हाती फेरतपासणीची तारीख मराठीत लिहून देण्याचा प्रघात त्यांनी पाडावा. मजुरी बुडवून दुसरी खेप करणे जड खरे; परंतु मुलाचा पाय त्याहून मोलाचा आहे, हे गावोगावच्या शिक्षकांनीही सांगावयास हवे.