विश्लेषण : कार्ड तेच, पण गेम पळतो जोरात! इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये नेमकं काय बदललं?

पीसीसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं की वर्षानुवर्षं दोनच नावं समोर यायची, एनव्हिडिया आणि एएमडी. ऑक्टोबर २०२२ मध्ये इंटेलने 'आर्क ए७७०' आणि 'आर्क ए७५०' ही कार्डं आणली आणि तिसरा पर्याय मिळाला. पण सुरुवातीच्या ग्राहकांना विचित्र अनुभव आला. नवे गेम बऱ्यापैकी चालायचे, दहा वर्षं जुने गेम मात्र अडखळायचे. काही महिन्यांतच हीच कार्डं फक्त सॉफ्टवेअर अपडेटमुळे वेगवान झाली. हे कसं घडलं?

ड्रायव्हर काय करतो?

गेम ग्राफिक्स कार्डशी थेट बोलत नाही. तो डायरेक्टएक्स किंवा व्हल्कनच्या भाषेत सूचना देतो आणि ड्रायव्हर त्या कार्डाला कळतील अशा आज्ञांमध्ये बदलतो. ड्रायव्हर कच्चा असेल तर कार्डाची ताकद वायाच जाते.

इंटेलचंच एक उदाहरण बघा. २०२२ मध्ये कंपनीच्या लिनक्स ड्रायव्हरवर रे ट्रेसिंग प्रचंड संथ चालत होतं. कारण काय, तर त्यासाठी लागणारा काही डेटा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीऐवजी कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीत ठेवला जात होता. कोडमध्ये एका ओळीची दुरुस्ती झाली आणि वेग सुमारे १०० पट वाढला.

जुने गेमच का अडले?

डायरेक्टएक्स ९ आणि ११ मध्ये मेमरी कशी वापरायची, कामं कोणत्या क्रमाने करायची, याची बरीचशी जबाबदारी ड्रायव्हरवर असते. डायरेक्टएक्स १२ मध्ये त्यातला मोठा भाग गेम बनवणाऱ्यांकडे गेला. एनव्हिडिया आणि एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये एकेका जुन्या गेमसाठी वर्षानुवर्षं केलेल्या दुरुस्त्या साठलेल्या आहेत. नवख्या कंपनीकडे ही पुंजी नसते.

प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा इंटेलला जुना अनुभव होता. तेच सॉफ्टवेअर वेगळ्या कार्डांसाठी वापरता येईल असं कंपनीला वाटलं होतं. तो अंदाज चुकल्याचं तत्कालीन सीईओ पॅट गेल्सिंगर यांनी जुलै २०२२ मध्ये मान्य केलं. डायरेक्टएक्स ९ साठी तर इंटेलने मायक्रोसॉफ्टच्या अनुवादक थराचा आधार घेतला होता. जुन्या सूचनांचं आधी डायरेक्टएक्स १२ मध्ये भाषांतर व्हायचं, मग त्या कार्डापर्यंत पोहोचायच्या. 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह'सारखा २०१२ चा गेम त्यामुळेच अडखळायचा.

सुधारणा किती झाली?

डिसेंबर २०२२ मध्ये इंटेलने डायरेक्टएक्स ९ हाताळण्याची पद्धत बदलली. काही गेमसाठी डीएक्सव्हीके या ओपन सोर्स प्रकल्पाची मदत घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने दावा केला, की अशा गेममध्ये ए७५० चा वेग सरासरी ४३ टक्क्यांनी वाढला आहे. त्याच वेळी या कार्डाची किंमत २८९ वरून २४९ डॉलरवर आली. ऑगस्ट २०२३ मध्ये डायरेक्टएक्स ११ च्या गेममध्ये सरासरी १९ टक्के वाढीचा दावा झाला.

हे आकडे कंपनीचे आहेत, निवडक गेमचे आहेत आणि तुलना सुरुवातीच्या ड्रायव्हरशी आहे. सुरुवात जितकी कमकुवत, तितकी टक्केवारी मोठी दिसते, हे विसरू नका.

याची किंमत कोण मोजतं?

सुरुवातीचे ग्राहक. हजारो गेम, शेकडो मदरबोर्ड, वेगवेगळे प्रोसेसर यांच्या सगळ्या जोड्या कुठल्याही प्रयोगशाळेत तपासता येत नाहीत. ग्राहकांच्या तक्रारी आणि क्रॅश रिपोर्ट येतात, तेव्हाच बऱ्याच चुका सापडतात. सप्टेंबर २०२३ मध्ये 'स्टारफील्ड' आला तेव्हा आर्क कार्डांवर तो सुरुवातीला नीट चालतच नव्हता. इंटेलला पाठोपाठ ड्रायव्हर द्यावे लागले.

पुढच्या पिढीतही हे चुकलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या २४९ डॉलरच्या 'आर्क बी५८०' चं समीक्षकांनी कौतुक केलं. जानेवारी २०२५ मध्ये मात्र नवीन चाचण्यांतून कळलं, की जुन्या किंवा स्वस्त प्रोसेसरसोबत काही गेममध्ये त्याचा वेग बराच घसरतो. ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकत होता. आधीच्या बहुतेक चाचण्या महागड्या प्रोसेसरवर झाल्या होत्या, म्हणून ही अडचण झाकली गेली. स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडे प्रोसेसरही बहुधा जुना असतो. म्हणजे फटका नेमका त्यालाच बसला.

मग घ्यायचं की नाही?

आर्क घ्यायचा विचार असेल तर आधी तीन गोष्टी तपासा. तुमचा मदरबोर्ड 'रिसायझेबल बार' ही सुविधा देतो का? ती नसेल तर आर्कचा वेग खूप कमी होतो. तुम्ही रोज खेळता त्या गेमच्या ताज्या चाचण्या काय सांगतात? आणि त्या चाचण्या तुमच्यासारख्या प्रोसेसरवर केलेल्या आहेत का?

ड्रायव्हर पुढे सुधारेल, पण कंपनी या बाजारात टिकून राहिली तरच. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. दोन्ही कंपन्या मिळून चिप बनवणार असल्याने आर्कच्या भवितव्याची चर्चा सुरू झाली. तिसरा खेळाडू टिकला तर किमतींवर दबाव राहील, त्यात ग्राहकाचाच फायदा आहे. पण पैसे मोजताना कार्ड आज जितकं चालतं तेवढीच किंमत द्यावी, उद्याच्या अपडेटची नाही.