आधी विचारा, मग वाकवा

'योगाच तर आहे, त्यात शिकायचं काय?' असं यवतमाळात अजूनही ऐकू येतं. आठ दिवसांच्या शिबिराचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. वर्गातल्या एका काकूंना मी सर्वांगासन करायला लावलं. पिशवीचं ऑपरेशन होऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते, अन् मी विचारलंच नव्हतं! पोटदुखीवर निभावलं, नशीब.

मग पुन्हा शिकायला बसले. पुण्याच्या गीता अय्यंगार (१९४४-२०१८) लहानपणी मूत्रपिंडाच्या गंभीर आजारातून योगाभ्यासाने सावरल्या. पाळी, गरोदरपण, पाळी जाण्याचा काळ, प्रत्येक वेळी बाईचं शरीर वेगळं, म्हणून आसनंही वेगळी, हे त्यांनी मांडलं. पाळीत उलटी आसनं नकोत, हेही त्यांचंच सांगणं. आपल्या विदर्भात नागपूरच्या जनार्दनस्वामींनी गावोगावी योग शिकवला तो फुकट, पण उथळ नाही.

म्हणून म्हणते, वर्ग लावण्याआधी बाईंना बिनधास्त विचारा, 'तुम्ही कुठे शिकलात? किती दिवस?' राग आला तर येऊ द्या. मी तर फीच्या आधी बीपी, ऑपरेशन, पाळी सगळं वहीत लिहून घेते. काहीजणी लाजतात, 'हे कशाला हो ताई?' म्हणतात. मी पेन खाली ठेवत नाही.